उन्हाळा साठवणाऱ्या टाकीची कैफियत

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला मान्य आहे. म्हातारी झाले आहे हे मात्र मान्य नाही. या दोन शब्दांत फरक आहे. तो ज्यांना कळला नाही, त्यांनी एकदा मला कापून भंगारात घालायचं ठरवलं होतं. कापायला माणूसही आला होता. तेव्हापासून माझ्या मनात जे साचलं आहे, ते आज तुम्हाला सांगते. साठवणं हेच माझं काम, त्यामुळे रागही मी चांगला साठवते.

मी पाण्याची टाकी आहे. पण गच्चीवर बसणाऱ्या आणि चार बादल्या काढल्या की रिकाम्या होणाऱ्या टाक्यांच्या रांगेत मला बसवू नका. मी तीन मजले उंच आहे. इमारतीच्या बरोबर मध्ये उभी आहे आणि जिना माझ्याभोवती गोल फिरत वर जातो. माझ्या पोटात लाखभर लिटर पाणी आहे. ते कुणी पीत नाही, त्यानं कुणी अंघोळ करत नाही. एकदा भरलं ते भरलं. त्या पाण्यात मी उन्हाळा ठेवते.

कसा, ते सांगते. आमच्या छपरावर सोलर पॅनेल आहेत. उन्हाळ्यात दिवस लांब आणि ऊन कडक, त्यामुळे घरांना लागते त्याच्या कितीतरी पट वीज तिथं तयार होते. हिवाळ्यात दिवस आखूड, आभाळ राखाडी, आणि थंडी अशी की हाडं वाजावीत. म्हणजे नको तेव्हा ढीगभर आणि हवी तेव्हा चिमूटभर. म्हणून उन्हाळ्यातली उरलेली वीज माझ्या पोटातल्या सहा जाड दांड्यांत सोडतात. दांडे तापतात, पाणी तापतं. माझ्या अंगावर हातभर जाडीचं वेष्टन आहे, त्यामुळे ती ऊब महिनोन् महिने टिकते. थंडी पडली की एक छोटा पंप ते पाणी सगळ्या घरांच्या फरशीखालच्या नळ्यांतून फिरवतो. घरं उबदार होतात आणि निवलेलं पाणी माझ्याकडे परत येतं. एवढं साधं काम आहे. त्यात फक्त एक अट आहे, की उन्हाळ्यात मला खायला मिळालं पाहिजे. ही अट पुढे लक्षात ठेवा. आमच्या इमारतीतल्या शहाण्यांनी ती ठेवली नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारे वेल्डर होते आणि त्यांच्या हाताखाली त्यांचीच मुलगी काम करत होती. मुलगी नळ जोडणारी फिटर. तेव्हा ती पंचविशीची होती, पण पुढे इमारतीत सगळे तिला मावशी म्हणू लागले, म्हणून मीही मावशीच म्हणते. वेल्डरांना सगळे बाबा म्हणत.

बाबांचा हात फार कडक. पत्र्यांच्या जोडाची एक शिवण पुरी झाली की ते तिच्या एका बाजूला खडूची पूड फासत आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावत. कुठं केसाएवढी फट असली तर खडूवर डाग उमटायचा. माझ्या बुडाजवळच्या एका शिवणीवर असा डाग उमटला, मोहरीएवढा. मावशी म्हणाली, "बाबा, तेवढ्यावर एक टाका मारला की झालं."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ठिगळ कपड्याला लावतात, पोरी. हिला आयुष्यभर पोटात ओझं घेऊन उभं राहायचंय." आणि त्यांनी अख्खी शिवण घासून काढली आणि पहिल्यापासून घातली. अशा माणसाच्या हातची मी आहे. कुणी मला बिघडलेली म्हटलं की माझ्या बुडाला आग लागते ती त्यामुळे.

मी आधी आले आणि इमारत मागून. क्रेननं मला मोकळ्या जागेत उभं केलं तेव्हा भोवती फक्त खुणांचे खुंट होते. लग्नाआधीच सासरी येऊन उभ्या राहिलेल्या नवरीसारखी माझी गत. मग माझ्याभोवती भिंती चढल्या, जिना चढला. चार कुटुंबं राहायला आली, त्यांतलं तळमजल्यावरचं मावशी आणि बाबांचं. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा बाबांनी सगळ्यांना बजावून सांगितलं, "हे पाणी कुणी बदलायचं नाही. पाण्यातली हवा एकदा सरली की गंज धरत नाही. नवं पाणी आलं की नवा गंज आला." ते कुणी विसरू नये म्हणून मावशीनं माझ्या तोटीला कुलूप घातलं.

पुढची वीस वर्षं माझी सुखाची गेली. माझ्या अंगावर तीन तबकड्या आहेत, खालची, मधली आणि वरची. आतलं पाणी किती तापलंय ते त्या दाखवतात. उन्हाळा संपता संपता वरचीचा काटा नव्वदाला टेकायचा आणि मावशी येणाजाणाऱ्याला तो हौसेनं दाखवायची. तळमजल्यावर एका जागी माझं वेष्टन पातळ आहे, कारण तिथं आत डोकावायचं झाकण आहे. बाबांनी त्या झाकणाला लागून बाकडं ठेवलं. थंडीत ते तिथं पाठ टेकून बसायचे. मुलं ओले हातमोजे वाळत घालायची. पहिल्या मजल्यावर बेकरीत काम करणारे दोन भाऊ राहत, ते घरच्या पावाचं पीठ फुगायला माझ्याशेजारी आणून ठेवायचे. दूरदूरची माणसं मला बघायला येत. एका पाहुण्यानं तर मला हात लावून विचारलं, "आणि धूर कुठून जातो?" मावशी म्हणाली, "धूर होतच नाही, तर जाणार कुठून?" पाहुणा दोनदा माझ्याभोवती फिरला आणि तरीही चिमणी शोधतच गेला.

पण मित्रांनो, चांगलं चाललेलं काम कुणाला दिसत नाही. फरशी गरम असते, माणसं अनवाणी हिंडतात, आणि ती गरम का आहे हा प्रश्न हळूहळू कुणाच्या डोक्यात येईनासा होतो. मला बघायला येणारे बंद झाले. माझ्याभोवती मोडक्या खुर्च्या, जुन्या गाद्या आणि एक तीनचाकी सायकल येऊन पडली. वरच्या तबकडीवर कुणीतरी छत्री अडकवली. ती दोन वर्षं तिथंच होती.

मग वरच्या मजल्यावर नवं कुटुंब आलं, नवरा-बायको आणि दोन मुलं. ते गृहस्थ वर्षभरात इमारतीचे सेक्रेटरी झाले. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी जिन्यातले दिवे दुरुस्त केले, गळणारं छप्पर नीट केलं. छत्रीही त्यांनीच काढली. पण त्यांना एक सवय होती. जे डोळ्यांसमोर दिसत नाही, ते नाहीच असं ते धरून चालायचे.

एका उन्हाळ्यात उकाडा फारच वाढला. सेक्रेटरींनी जिन्यातच सभा घेतली, म्हणजे माझ्या अंगालाच टेकून.

"ही टाकी दिवसभर वीज खाते," ते म्हणाले. "कुणाला तिचा काही उपयोग दिसतोय का? आपण घाम गाळायचा आणि वीज पाण्याला पाजायची. घरोघरी एसी बसवू. गच्चीवर एक छोटं तळं करू, त्यात कारंजं. उरली तर टाकीला."

"आणि हिवाळ्याचं?" मावशीनं विचारलं.

"हिवाळ्याचं हिवाळ्यात बघू की, मावशी. तुम्हाला आत्तापासून हुडहुडी भरली का?"

बेकरीवाले भाऊ हसले. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपीही हसला. त्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेलेले होते आणि उकाड्यानं तिचा जीव हैराण झाला होता. मावशी आता वाद घालेल, मला वाटलं. तिला माझी नस न् नस ठाऊक. पण आदल्याच आठवड्यात बाबांना दुपारी चक्कर आली होती. ऐंशी उलटलेला देह, तळमजल्याची खोली, वारा नाही. मावशीनं बाबांच्या दाराकडे पाहिलं आणि हात वर केला. चारही घरांचे हात वर गेले.

त्या दिवशी माझा घास कुणी काढून घेतला असेल तर तो शत्रूनं नाही. माझ्याच माणसांनी काढून घेतला, आणि माझ्याच अंगाला टेकून. म्हणूनच ते जास्त लागलं.

तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. छपरावर ऊन नुसतं ओसंडत होतं आणि माझे दांडे गार. एसीतून गारवा बाहेर पडायचा तो उघड्या खिडक्यांतून वाया जायचा. एसी लावून वर पांघरूण घेऊन झोपणारी माणसं मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. आणि ते कारंजं तर सांगूच नका. पाणी वर उडवायचं, ते खाली पडू द्यायचं, पुन्हा वर उडवायचं. दिवसभर हाच उद्योग. उन्हाळा सरला तेव्हा माझ्या वरच्या तबकडीचा काटा पन्नाशीच्या जरा पुढे होता आणि खालची तर नळाच्या पाण्याइतकी. मावशी रोज येऊन काट्याकडे बघायची आणि निघून जायची.

हिवाळा आला. हिवाळ्याला कुणी मत विचारत नाही. माझ्याकडे होतं ते मी दिलं आणि तिसऱ्या आठवड्यातच फरश्या गार पडायला लागल्या. बाबा नेहमीसारखे झाकणाला पाठ टेकून बसले आणि लगेच पुढे सरकले. त्यांनी तळहात लावून पाहिला. मग मावशीला हाक मारली.

"पोरी, हिचं पोट रिकामं आहे."

"हो, बाबा."

"माझ्यासाठी केलंस ना?"

 मावशीनं आतून घोंगडी आणली आणि त्यांच्या पाठीमागे घातली.

लोकांनी खोल्याखोल्यांतून विजेचे हीटर लावले. आमच्याच नाही, सगळ्या गल्लीत तेच. मग जी थंडीची लाट आली, तिच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळ्या भागाची वीज गेली. एवढा भार त्या तारांना झेपलाच नाही. वीज तीन दिवस आली नाही. खिडक्यांच्या आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी धरली. आणि दुसऱ्या मजल्यावर शिंप्याच्या घरात पाच आठवड्यांचं बाळ होतं. ते दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, मूठभर जिवाचं.

शिंपीण जिना उतरून मावशीच्या दारात आली. "मावशी, पोरीचे पाय गार पडलेत. चोळते, तरी गारच."

मावशी झाडू घेऊन छपरावर गेली. पन्नाशीकडे झुकलेली बाई, गुडघे दुखरे, आणि छपरावर बर्फ. शिंपी तिच्या कमरेला बांधलेला दोर धरून मागे उभा राहिला. तिनं पॅनेलांवरचा बर्फ एकेक करून झाडला. राखाडी आभाळातून जेवढा उजेड आला त्यातून पंप चालेल इतकी वीज मिळाली. मग ती खाली आली आणि माझ्यापासून निघणाऱ्या नळ्यांचे कॉक बंद करत सुटली. वरचा मजला बंद, पहिला बंद. स्वतःचा तळमजला बंद करताना तिचा हात जरा थांबला.

आतून बाबा म्हणाले, "फिरव ना. बाळाची खोली तेवढी उघडी ठेव. आणि पंप हळू चालव, वरचं पाणी ढवळू देऊ नकोस."

माझ्या वरच्या भागात तेव्हा फक्त कोमट पाणी उरलं होतं. काटा तिशीच्या आसपास. ज्याला मी एरवी ऊब म्हणायलाही लाजले असते, तेवढंच. ते सगळं मी त्या एका खोलीत घातलं. संध्याकाळपर्यंत तिथल्या फरशीला जीव आला आणि बाळाचे पाय गरम झाले. मग सगळी इमारत त्या खोलीत जमली. मावशीनं आणि बेकरीवाल्यांतल्या धाकट्यानं बाबांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. सेक्रेटरीसाहेब बायको-मुलांना घेऊन आले आणि दाराजवळ कोट घालून बसले. दहा माणसं आणि एक बाळ, शिंप्याच्या कापडांच्या गठ्ठ्यांवर तीन दिवस अशीच राहिली. कुणी कुणाचा पाय तुडवला, कुणी घोरलं, पण कुणाला काही झालं नाही.

मित्रांनो, एवढं झाल्यावर माणसं काय म्हणतील असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं होतं, निदान कुणीतरी येऊन झाकणावर हात ठेवेल. आले ते सेक्रेटरी. वीज आल्यावर आठवड्याभरात पुन्हा सभा, पुन्हा माझ्याच अंगाला टेकून.

"टाकी म्हातारी झालीय," ते म्हणाले. "ऐन थंडीत दगा दिला. हिला कापून काढू. प्रत्येक मजल्यावर सामान ठेवायला एकेक खोली निघेल."

गरज सरो, वैद्य मरो, असं माणसं म्हणतात. इथं तर वैद्याला उपाशी ठेवून वर त्यालाच आजारी ठरवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढं कळायला सेक्रेटरी व्हावं लागत नाही. पण बोलायचं कुणी? मावशी बोलली. "उन्हाळ्यात तिला वीज दिली नव्हती आपण," असं ती म्हणाली. पण ती जमिनीकडे बघत म्हणाली, कारण उन्हाळ्यात तिचाही हात वर गेला होता. कुणी ऐकलं, कुणी नाही. सेक्रेटरींचं मत कापायचं. बेकरीवाल्यांचं कापायचं. मावशीचं नाही. राहिला शिंपी.

शिंप्यानं मान खाली घातली आणि हात वर केला. ज्या बाळासाठी मी पोटातला शेवटचा घोट दिला, त्या बाळाचा बाप. त्याचं म्हणणं असं, की पुढच्या थंडीत हिच्यावर भरवसा ठेवायची मला भीती वाटते. भीती वाटते म्हणून उपाशी माणसालाच मारायचं, हा न्याय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शिंपीण त्याच्यामागे उभी होती. तिनं त्याची बाही ओढली, पण मत घरटी एकच होतं आणि ते दिलं गेलं होतं.

बर्फ वितळला आणि एका सकाळी कटरवाला आला. हातगाडीवर दोन सिलिंडर, खांद्यावर रबरी नळ्यांचं वेटोळं, केस अर्धे पिकलेले. आधी माझं पाणी सोडायचं, मग माझे तुकडे. माणसं जिन्यात उभी राहून बघत होती. त्यानं माझं वेष्टन हातभर फाडलं आणि पोलादावरून बोट फिरवलं. शिवणीपाशी आल्यावर बोट थांबलं. तो वाकला, चष्मा लावला आणि उघड्या पडलेल्या शिवणीवरून इंच इंच सरकत गेला.

"ही कुणी घातली?"

"मी," बाबा बाकड्यावरून म्हणाले.

"हातानं?"

"मग काय पायानं?"

कटरवाला हसला नाही. त्यानं हातोडीच्या दांड्यानं उघड्या पडलेल्या पत्र्यावर ठिकठिकाणी ठोकून पाहिलं आणि कान लावून ऐकलं. मग म्हणाला, "तोटी उघडा, आधी पाणी बघतो."

मावशीनं कुलूप काढलं. त्यानं पेलाभर पाणी घेऊन उजेडात धरलं. एकवीस वर्षांचं पाणी, आणि पेल्याच्या पलीकडे त्याची बोटं स्वच्छ दिसत होती.

"उस्ताद, यात गंज नाही. पत्रा जाड आहे, शिवण नव्यासारखी आहे. हिचं बिघडलं काय?"

सेक्रेटरी पुढे आले. "ऊब देत नाही. तुम्हाला कापायला बोलावलंय, तपासायला नाही."

"कापायच्या आधी मी विचारतो, साहेब. जे कापलं ते परत जोडून देता येत नाही." त्यानं पेला खाली ठेवला. "उन्हाळ्यात हिला वीज दिली होती का?"

जिन्यातली माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली.  वर्षभर मी हेच सांगत होते. पण मला तोंड नाही, तबकड्या आहेत, आणि तबकड्यांकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

"नाही," मावशी म्हणाली. या वेळी ती कुणाच्याही पायांकडे बघत नव्हती. "सगळी वीज एसीला आणि कारंज्याला गेली. मीही हो म्हटलं होतं. बाबांना उकाडा सोसवत नव्हता म्हणून म्हटलं. पण टाकीचा त्यात काही दोष नाही. दोष आपला आहे."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सांगितलं होतं. हळू सांगितलं, ती माझी चूक."

शिंपीण बाळाला खांद्यावर घेऊन तीन पायऱ्या खाली आली. "आमच्या घराचं मत मी बदलते."

"एकदा दिलेलं मत असं बदलता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग पुन्हा घ्या मतं. आता घ्या, हा माणूस उभा आहे तोवर. ही जिच्यामुळे जगली तिला आम्ही कापा म्हणालो, हे मी हिला मोठी झाल्यावर कोणत्या तोंडानं सांगू?"

 शिंप्यानं बायकोकडून बाळ घेतलं आणि होकारार्थी मान हलवली. सगळ्यांच्या नजरा बेकरीवाल्यांकडे वळल्या. थोरल्या भावानं डोकं खाजवलं. "पीठ मळलंच नाही आणि पाव झाला नाही म्हणून भट्टी फोडायची, असं आम्ही केलं तर मालक आम्हालाच भट्टीत घालेल. राहू दे टाकी."

तीन विरुद्ध एक. सेक्रेटरींनी खिशातला ठरावाचा कागद काढला, दोनदा घडी घातली आणि परत खिशात ठेवला. कटरवाल्यानं फाडलेलं वेष्टन जागच्या जागी बसवून तारेनं आवळून दिलं. जाताना तो बाबांजवळ थांबला. "उस्ताद, ही शिवण कापायला लागली असती तर माझा हात चालला नसता."

"चालला असता," बाबा म्हणाले. "पोट सगळ्यांना असतं. हिलासुद्धा."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नियम झाला, की दुपारची वीज आधी टाकीला. माझा राग गारव्यावर कधीच नव्हता, हे इथं सांगायला हवं. उकाड्यानं म्हातारं माणूस कासावीस होतं, बाळ रडतं, ते मला दिसत होतं. म्हणून मावशीनं तळमजल्यावरची एकच मोठी खोली गार ठेवायची ठरवली. दारं-खिडक्या लावून, एका एसीवर. दुपारी बाबा, बाळ, शिंपीण आणि सेक्रेटरींची मुलंसुद्धा तिथं बसायची. बाकी सगळं ऊन माझ्या पोटात. कारंजं बंद झालं. त्याच्या तळ्यात कावळे येऊन अंघोळ करायचे, तेवढाच काय तो त्याचा उपयोग.

उन्हाळा संपला तेव्हा वरची तबकडी अठ्ठ्याऐंशीवर होती. पुढच्या हिवाळ्यात माणसं पुन्हा अनवाणी हिंडली. बाबांनी तो पूर्ण हिवाळा माझ्या झाकणाला पाठ टेकून काढला, आणि वसंत सुरू झाल्यावर एका पहाटे झोपेतच गेले. मावशी त्या दिवशी नळ्यांचे कॉक तपासायला आली. सगळे तपासून झाले तरी गेली नाही. 

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. सेक्रेटरीसाहेब रंगाचे डबे घेऊन आले. माझ्यावर सूर्य काढायचा, फुलं काढायची आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आमची लाडकी टाकी' असं लिहायचं, असा त्यांचा बेत आहे. मनानं ते चांगलंच करायला निघाले आहेत. शिंपीणही खूश आहे. मावशीनं फक्त एवढंच सांगितलं, की तबकड्यांवर रंग उडू देऊ नका.

मला विचाराल तर मला लाडकी व्हायचं नाही. लाड उतरायला किती वेळ लागतो ते मी पाहिलं आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी ना कुणी असेल, जे सुगीच्या दिवसांत गुपचूप साठवतं आणि अडचणीच्या दिवसांत गुपचूप देतं. ते माझ्यासारखं यंत्र असेल, नाहीतर माणूस असेल. त्याचं कौतुक नाही केलंत तरी चालेल. पण ज्या दिवशी ते कमी पडेल, त्या दिवशी त्याला म्हातारं, निकामी, खादाड म्हणण्याआधी त्याच्या तबकडीकडे एकदा बघा. त्याच्या पोटात काही घातलं होतं का, ते स्वतःला विचारा. आणि घातलं नसेल तर ते मोठ्यानं कबूल करा, आमच्या मावशीसारखं. तिनं पहिल्या वेळी केलं तसं हळू आवाजात नाही, दुसऱ्या वेळी केलं तसं.